वाचकांचे प्रश्न : जुन्या चिनी कवितेचा अभ्यास कसा होतो?

तांग काळातील (इ. स. 618–907) चिनी कवितेवर गेल्या अंकात आलेल्या लेखानंतर बरीच पत्रे आली. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे : इतक्या जुन्या कवितेविषयी अभ्यासक जे ठामपणे सांगतात, ते त्यांना कळते कसे? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : ली बाय याची शांत रात्रीवरची चार ओळींची प्रसिद्ध कविता मी दोन पुस्तकांत वाचली. एका पुस्तकात खाटेसमोर ‘उजळ चंद्रप्रकाश’ पडला आहे आणि कवी मान वर करून ‘उजळ चंद्र’ पाहतो. दुसऱ्यात तो चंद्रप्रकाश ‘पाहतो’ आणि वर ‘डोंगरावरचा चंद्र’ आहे. यांतल्या कोणत्या भाषांतरकाराची चूक झाली? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चूक कोणाचीच नाही; दोघांसमोर मूळ चिनी पाठच वेगवेगळे होते. ली बाय 762 मध्ये वारला. त्याच वर्षी त्याच्या कवितांचा पहिला संग्रह करणाऱ्या ली यांगबिंग या नातलगाने प्रस्तावनेत नोंदवून ठेवले आहे की कवीच्या लेखनापैकी दहातले नऊ भाग हरवले. पुढे सुंग काळात, 1068 च्या सुमारास, सुंग मिनच्यू याने ठिकठिकाणच्या हस्तलिखितांतून मोठा संग्रह सिद्ध केला आणि 1080 मध्ये तो सूजौ येथे ठशांवरून छापला गेला. या परंपरेतील जुनी छापील प्रत आज तोक्यो येथील सेइकादो ग्रंथसंग्रहात आहे, आणि सुंगकालीन पाठांमध्ये ‘पाहतो’ आणि ‘डोंगरावरचा चंद्र’ असेच शब्द आहेत. ‘उजळ’ हे विशेषण दोन्ही ठिकाणी आले ते मिंग काळातील निवडक-संग्रहांतून. अठराव्या शतकात सुन चू याने केलेल्या तीनशे तांग कवितांच्या निवडीने तोच पाठ घरोघरी पोहोचवला. म्हणून चिनी शाळकरी मूल एक कविता पाठ करते आणि जपानी विद्यार्थी तिचे जुने रूप शिकतो.

जुना पाठ कवीच्या अधिक जवळचा असणार, हे अभ्यासकांचे मत मलाही पटते. परंतु कवीचा मृत्यू आणि ही छपाई यांत 318 वर्षांचे अंतर आहे, आणि त्या काळात कविता हस्तलिखितांतून, पाठांतरातून, देवळांच्या व धर्मशाळांच्या भिंतींवरून फिरत होत्या, हेही विसरून चालत नाही. नव्या पाठाला केवळ भ्रष्ट म्हणून बाजूला सारणेही मला योग्य वाटत नाही. अवघ्या वीस अक्षरांत ‘उजळ चंद्र’ दोनदा येणे ही तालेवार कवीला खटकणारी, पण पाठ करणाऱ्याला सोयीची गोष्ट आहे. चारशे वर्षे लोकांच्या तोंडी जो पाठ राहिला, त्याचा अभ्यास लोकरुचीचा पुरावा म्हणून करता येतो.

प्रश्न : आम्ही सिंगापूरला राहतो आणि आमची मुले शाळेत मँडरिन शिकतात. दू फू याची एक कविता मुलीने म्हणून दाखवली तेव्हा यमक जुळल्यासारखे वाटले नाही. शेजारच्या कँटनीज आजींनी तीच कविता म्हटली तर ती बरीचशी जुळली. असे का व्हावे? (एक वाचक, सिंगापूर)

उत्तर : कविता कोणती ते आपण लिहिले नाही, म्हणून ‘वसंतातील दृश्य’ ही सर्वांत परिचित कविता घेतो. सेनापती आन लूशान याच्या बंडात राजधानी छांगआन शत्रूच्या हाती असताना, 757 मध्ये दू फू याने ती लिहिली. तिची यमके दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या ओळींच्या शेवटी येतात. आजच्या मँडरिनमध्ये त्या शब्दांचे उच्चार साधारणपणे शन, शिन, जिन आणि त्सान असे होतात. कँटनीजमध्ये सम, सम, कम आणि त्साम. तांग काळात या चारही शब्दांच्या शेवटी ‘म्’ होता आणि चारही एकाच यमकवर्गात बसत होते. उत्तरेकडील बोलीत शब्दान्तीचा ‘म्’ जाऊन ‘न्’ झाला, दक्षिणेत तो टिकला. यमक कवीने नीट जुळवले होते. मुलीच्या पाठ्यपुस्तकापर्यंत येता येता भाषा बदलली.

यमकापेक्षा स्वरांची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जुन्या चिनी भाषेत अक्षरांचे चार स्वरवर्ग मानले जात : सम, चढता, उतरता, आणि ‘क्’, ‘त्’, ‘प्’ यांवर झटकन थांबणारा, ज्याला ‘प्रवेशी’ स्वर म्हणतात. नियमबद्ध आठ ओळींच्या कवितेत सम अक्षरे एका बाजूला आणि उरलेले तीन वर्ग, म्हणजे विषम अक्षरे, दुसऱ्या बाजूला ठेवून ओळींची वीण केली जाते. या कवितेची पहिली ओळ, ‘देश मोडला, डोंगर-नद्या उरल्या’, ही विषम-विषम-सम-सम-विषम अशी आहे आणि दुसरी तिच्या बरोबर उलट. पहिल्या ओळीतला पहिला शब्द, ‘देश’, मँडरिनमध्ये ‘ग्वो’ असा सम वर्गात जाऊन बसला आहे. कँटनीजमध्ये तो अजूनही ‘क्’ वर थांबतो. प्रवेशी स्वर मँडरिनमधून पूर्ण नाहीसा झाल्यामुळे केवळ मँडरिन जाणणाऱ्याला अशा ओळींतील वृत्त कानाने पकडता येत नाही. त्याला कोश उघडावा लागतो.

हा कोश म्हणजे मुळात 601 मधील ‘छिएयुन’ आणि त्याची 1008 मधील वाढवलेली आवृत्ती ‘ग्वांगयुन’. कोणता शब्द कोणाशी यमक साधतो एवढेच त्यांतून कळते. प्रत्यक्ष उच्चार कसा होता हे कळत नाही. स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ बर्नहार्ड कार्लग्रेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधील बोली आणि जपानी, कोरियन व व्हिएतनामी भाषांनी उसने घेतलेले चिनी शब्द या वर्गांत बसवून जुने उच्चार पुन्हा उभे केले. त्यांच्या तपशिलांत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, परंतु पद्धत तीच राहिली आहे.

प्रश्न : मी संस्कृतची विद्यार्थिनी आहे. चिनी वृत्तशास्त्र संस्कृतवरून आले असे एका व्याख्यानात ऐकले. यात कितपत तथ्य आहे, की ही आपली नेहमीची हौस आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : त्या विधानात दोन वेगळे दावे मिसळले आहेत. चिनी भाषेतील स्वरभेदच भारतातून गेले, हा पहिला दावा टिकत नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ओद्रिकूर यांनी 1954 मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार शब्दान्तीची काही व्यंजने झिजून गेली आणि त्यांच्या जागी आवाजाची चढउतार उरली. ही उपपत्ती आज सामान्यतः मान्य आहे आणि तिच्यात भारताचा काही संबंध येत नाही. दुसरा दावा असा की भाषेत आधीच असलेले हे भेद ओळखणे, त्यांना नावे देणे आणि त्यांच्यावर वृत्त उभे करणे ही कल्पना संस्कृतच्या संपर्कातून सुचली. या दाव्याचा विचार मात्र गंभीरपणे करावा लागतो.

घटनास्थळ आजचे नानजिंग शहर आणि काळ युंगमिंग कालखंडाचा, म्हणजे 483 ते 493 हा आहे. शेन य्वे या कवीने आणि त्याच्या मित्रांनी चार स्वरांवर आधारलेले रचनेचे नियम याच काळात पुढे आणले. त्याच शहरात 489 मध्ये जिंगलिंगच्या राजपुत्राने गोड गळ्याच्या बौद्ध भिक्षूंना जमवून सूत्रपठणाच्या नव्या चाली बांधवून घेतल्या. या योगायोगावर बोट ठेवून चेन यिनके या थोर इतिहासकारांनी 1934 मध्ये असे प्रतिपादन केले की वेदपठणातील उदात्त, अनुदात्त आणि स्वरित या तीन स्वरांच्या धर्तीवर चिनी पंडितांनी तीन स्वर वेगळे केले आणि प्रवेशी स्वर हा चौथा आधीच स्पष्ट असल्यामुळे संख्या चार झाली. चेन यांनी बर्लिन आणि हार्वर्ड येथे संस्कृतचा अभ्यास केला होता, त्यामुळे हे अनाडी माणसाचे अनुमान नव्हते.

तरीही त्यात मोठी अडचण आहे, आणि ती दाखवणाऱ्यांत राव झोंगयी हे हाँगकाँगचे पंडित प्रमुख होते. बौद्ध भिक्षू आपली सूत्रे वेदाचे स्वर लावून म्हणत होते असे मानायला आधार कुठे आहे? विनयपिटकात तर बुद्धवचन ‘छंदस्’मध्ये नेण्यास बुद्धाने मनाई केल्याची कथा आहे, तिथे ‘छंदस्’ म्हणजे नेमके काय यावर वाद असला तरी तिचा कल वैदिक पठणाच्या बाजूचा नाही. राव यांनी हा विषय पाणिनीच्या स्वरविचारापर्यंत मागे जाऊन तपासला. हाँगकाँगमध्ये वसंत परांजपे या मराठी राजनैतिक अधिकाऱ्याकडून, जे स्वतः पेकिंग विद्यापीठात शिकलेले होते, राव यांनी संस्कृतचे धडे घेतले होते आणि 1963 मध्ये राव तुमच्याच पुण्यात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात, अभ्यासासाठी आले होते.

चेन यांची मांडणी मागे पडल्यावर प्रश्न मिटला नाही. 1991 मध्ये व्हिक्टर मेअर आणि मेई त्सु-लिन यांनी तो वेगळ्या बाजूने उभा केला. वैदिक स्वर सोडून द्या आणि श्लोकातील लघू-गुरू पाहा, असे त्यांचे म्हणणे. सम आणि विषम ही दुहेरी विभागणी लघू-गुरूच्या परिणामाची चिनी प्रतिकृती आहे, आणि शेन य्वे याच्या नावावर असलेले रचनेचे ‘आठ विकार’ संस्कृत काव्यशास्त्रातील दोषांशी जोडता येतात. दोषांचा मुद्दा मला वृत्ताच्या मुद्द्यापेक्षा अधिक वजनदार वाटतो, कारण नाट्यशास्त्रात दहा काव्यदोषांची यादी आहे आणि दोष मोजून रचना तपासण्याची ही सवय युंगमिंगपूर्वीच्या चिनी समीक्षेत या रूपात दिसत नाही. प्रत्यक्ष दुवा दाखवणारा मजकूर मात्र मिळालेला नाही. उलट शेन य्वे याने आपल्या इतिहासग्रंथात अभिमानाने म्हटले आहे की प्राचीन कवींपासून आजवर हे गुपित कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते. अर्थात, ज्याला श्रेय हवे असते त्याच्या साक्षीला किती महत्त्व द्यायचे हे आपणच ठरवावे.

या आठ विकारांचे तपशील सांगणारी चिनी पुस्तके बहुतांश नष्ट झाली. ते आपल्याला कळतात ते कूकाई या जपानी भिक्षूमुळे, जो 804 मध्ये चीनला गेला आणि परतल्यावर ज्याने अशा पुस्तकांतील उतारे संकलित करून ठेवले.

प्रश्न : चिनी कवितेचा आद्यग्रंथ ‘शीजिंग’ यातील पहिलेच गीत सरळ प्रेमगीत दिसते. मग त्यावर राणीच्या सद्गुणांचे भाष्य कशासाठी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नदीच्या बेटावर साद घालणारे पाणपक्षी आणि मुलीच्या ओढीने रात्रभर तळमळणारा तरुण, एवढेच त्या गीतात आहे, हे खरे. परंतु 305 गीतांचा हा संग्रह आपल्या हाती पडला तो राजदरबारांतून. झोउ काळातील दूत वाटाघाटीच्या वेळी यातील कडवी म्हणून आपला राजकीय हेतू सूचित करीत, असे जुने इतिवृत्त सांगते. संदर्भापासून तोडून ओळ वापरणे हाच तिचा रूढ उपयोग होता. हान काळात ग्रंथाच्या चार परंपरा होत्या, त्यांपैकी माओ परंपरेचाच पाठ पूर्ण टिकला आणि तिच्या प्रस्तावनांतील नीतिपर अर्थ टिकला. बाराव्या शतकात चू शी या तत्त्वज्ञाने त्या प्रस्तावना नाकारून काही गीते प्रेमिकांची असल्याचे मान्य केले, पण ती त्याला अनीतीची उदाहरणे वाटली. फ्रेंच अभ्यासक मार्सेल ग्रने यांनी 1919 मध्ये वसंतोत्सवात तरुण-तरुणी म्हणत असलेली गीते म्हणून त्यांचा विचार केला.

नीतिपर भाष्य टाकून द्यावे असे मी सांगणार नाही. पुढची दोन हजार वर्षे प्रत्येक चिनी कवी हा ग्रंथ त्या भाष्यासह पाठ करीत होता, आणि त्याच्या कवितेतील संकेत त्या भाष्यातून आलेले आहेत.

प्रश्न : बाय जूयी याच्या ‘अनंत दुःखाचे गीत’ या कवितेवरून सम्राट श्वानत्सुंग आणि यांग ग्वेफेई यांचा इतिहास लिहिता येईल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : लिहिता येणार नाही, आणि तसे का लिहिता येणार नाही याचा सर्वांत सुंदर अभ्यास पुन्हा चेन यिनके यांचाच आहे. कविता 806 मधील, म्हणजे सम्राटाची लाडकी यांग ग्वेफेई आन लूशानच्या बंडात मारली गेली त्यानंतर पन्नास वर्षांनी लिहिलेली. तिच्या शेवटी सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, मध्यरात्री, दीर्घायुष्य-प्रासादात दोघांनी घेतलेल्या आणाभाका येतात. चेन यांनी दरबारी नोंदी तपासून दाखवले की हा प्रासाद ज्या ह्वाछिंग राजवाड्यात होता तो गरम पाण्याच्या झऱ्यांचा, आणि श्वानत्सुंग तिथे थंडीत किंवा वसंताच्या आरंभी जात असे. उन्हाळ्याच्या अखेरीची ती रात्र तिथे घडलीच नसणार. शिवाय ती वास्तू देवतापूजनाची होती, प्रेमालापाची नव्हे.

यावरून बाय जूयी अडाणी ठरत नाही. त्याला सातव्या महिन्याची सातवी रात्र हवी होती, कारण त्या रात्री आकाशातील गोपाळ आणि विणकरीण वर्षातून एकदाच भेटतात. चेन यांच्या पद्धतीचे वर्णन ‘कवितेने इतिहास पडताळणे’ असे केले जाते, परंतु या उदाहरणात ती उलट दिशेनेही चालते : कवीने नेमके कुठे आणि कशासाठी वाट सोडली हे इतिहासामुळे कळते. हे संशोधन 1950 मध्ये ग्रंथरूपाने आले तेव्हा चेन यांची दृष्टी जवळपास पूर्ण गेलेली होती. कोणीतरी वाचून दाखवायचे आणि ते सांगत जायचे, असे त्यांचे काम चाले.

प्रश्न : तांग काळातील साऱ्या कविता कधीच संकलित झाल्या आहेत ना? मग नवे असे काय सापडणार? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : सम्राट कांगशीच्या आज्ञेने यांगजौ येथे साओ यिन याच्या देखरेखीखाली जो महासंग्रह तयार झाला, त्यात 2200 हून अधिक कवींच्या 48,900 च्या आसपास कविता आहेत, आणि नाव ‘समग्र’ असे आहे. तो 1707 मध्ये छापला गेला. त्यात वेई जुआंग या कवीची सर्वांत मोठी कविता नव्हती. 881 मध्ये ह्वांग छाओच्या बंडखोरांनी छांगआन लुटले, त्याचे वर्णन एका निर्वासित स्त्रीच्या तोंडून करणारी ही 238 ओळींची कविता त्याने 883 मध्ये लिहिली आणि ती तुफान गाजली. नंतर उच्च पदावर गेल्यावर त्याने ती दडपली. स्वर्गपथावर उमरावांची हाडे तुडवली जात असल्याची तिच्यातली ओळ दरबारी मंडळींना झोंबली होती. भावाने केलेल्या त्याच्या काव्यसंग्रहातही ती आली नाही, आणि सुमारे हजार वर्षे तिच्यातील एका जोडओळीपलीकडे काही माहीत नव्हते.

1900 मध्ये वायव्य चीनमधील वाळवंटाजवळच्या दुनहुआंग येथील लेण्यात भिंतीआड बंद केलेला हस्तलिखितांचा साठा उघडकीस आला, आणि स्टाइन व पेलिओ या युरोपीय संशोधकांनी लंडन आणि पॅरिसला नेलेल्या गुंडाळ्यांत या कवितेच्या अनेक प्रती निघाल्या. त्यांतली एक 905 ची आहे, म्हणजे कवी हयात असतानाची. काही प्रती तिथल्या शाळकरी विद्यार्थ्यांनी उतरवलेल्या आहेत. राजधानीत दडपलेली कविता दूरच्या वाळवंटातली मुले गिरवत होती.

शोध अजून थांबलेले नाहीत. आन्हुई विद्यापीठाने मिळवलेल्या, इसवी सनापूर्वीच्या बांबूपट्ट्यांवर ‘शीजिंग’मधील पन्नासहून अधिक गीते आहेत; ती 2019 मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांतील गीतांचा क्रम व शब्द रूढ पाठापेक्षा अनेक ठिकाणी वेगळे आहेत.

प्रश्न : स्त्रियांच्या कवितेचे काय? सगळीकडे एकट्या ली छिंगजाओचे नाव दिसते. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हू वेनकाय यांच्या 1957 मधील सूचीत चारहजारांहून अधिक लेखिकांची नोंद आहे आणि त्यांतील बहुसंख्य मिंग व छिंग काळातील आहेत. मॅकगिल विद्यापीठ आणि हार्वर्ड-यनचिंग ग्रंथालय यांनी त्या काळातील स्त्रियांचे काव्यसंग्रह 2005 पासून संगणकावर सर्वांना वाचायला खुले केले आहेत. तेव्हा कविता होत्या. त्या वाचण्याची अभ्यासकांना गरज वाटली नव्हती.

ली छिंगजाओ (जन्म 1084) हिची गोष्ट वेगळ्या कारणाने बोलकी आहे. पतीच्या मृत्यूनंतर तिने 1132 मध्ये दुसरे लग्न केले आणि अल्पावधीतच ते मोडले, अशी सुंगकालीन साधनांची साक्ष आहे. छिंग काळातील तिच्या चाहत्या पंडितांना हे सहन झाले नाही आणि त्यांनी ही साधने बनावट ठरवण्यासाठी मोठी विद्वत्ता खर्च केली. दुसरीकडे शतके उलटली तशी तिच्या नावावरील गीतेही वाढत गेली, आणि विरहिणी पत्नीच्या प्रतिमेत बसेल ते तिचे मानले गेले. रोनल्ड इगन यांनी 2013 मध्ये या दोन्ही गोष्टी सविस्तर मांडल्या आहेत. तिचे एखादे गीत वाचताना ते सर्वप्रथम कोणत्या शतकातल्या संग्रहात दिसते, एवढे तरी पाहावेच.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मराठी आणि इंग्रजी येते, चिनी मुळीच नाही. या वयात सुरुवात कुठून करू? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पदवी हवी असल्यास 1937 मध्ये स्थापन झालेले शांतिनिकेतनचे चीना भवन किंवा दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे, आपल्याला त्याची गरज नसावी. बोली चिनी न शिकताही जुनी लिखित भाषा शिकता येते, कारण तिचे व्याकरण आटोपशीर आहे आणि पॉल क्रोल यांचा 2015 मधील कोश नवशिक्यासाठीच केलेला आहे. स्टीफन ओवेन यांनी 2016 मध्ये पूर्ण केलेले दू फू याचे समग्र भाषांतर मूळ पाठासह संगणकावर विनामूल्य मिळते, परंतु तिथून सुरुवात करू नये. दू फू कठीण आहे. वांग वेई या तांग कवीची वांगछ्वान येथील वीस चतुष्पदींची मालिका घ्यावी. प्रत्येक चतुष्पदी वीस अक्षरांची आहे, आणि त्याच वीस स्थळांवर त्याचा मित्र फेई दी यानेही एकेक चतुष्पदी लिहिली आहे. दोघांच्या कविता शेजारी ठेवून कोशाच्या साहाय्याने एकेक अक्षर सोडवत गेल्यास एका पावसाळ्यात मालिका संपते, आणि फेई दी याला न साधलेले वांग वेई याला कसे साधले हे भाषांतराची मदत न घेता दिसू लागते.